गोठा घालायच्या आधी हे वाचा: हमीभाव, पाच रुपये आणि सीमेवरचं दूध

माझा मावसभाऊ चौदा वर्षं पुण्यात कंपनीत होता, आता खानापूर तालुक्यात गावाकडं परत आलाय आणि त्याला चार गाई घ्यायच्यात. परवा फोन केला आणि पहिला प्रश्न काय, "दादा, दुधाला हमीभाव किती चालू आहे आपल्याकडं?" म्हटलं काहीच नाही, दुधाला हमीभावच नसतोय. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणतोय, "मग ते पाच रुपये कसले?"

हा घोळ सगळ्यांचाच होतो, म्हणून एकदाच बसून लिहून काढतोय. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, अथणी, कागवाड, म्हणजे सीमेच्या कर्नाटकाच्या बाजूला, जे नवीन गोठा घालणार आहेत त्यांच्यासाठी. जुन्या लोकांना यातलं निम्मं माहीत असतंय, पण निम्मंच, कारण कागद कन्नडमधनं येतोय आणि आपण तो घडी घालून खिशात टाकतो.

हमीभाव आपल्याला मिळत नाही, पण लागतो

केंद्र सरकार २२ पिकांचा हमीभाव जाहीर करतंय, उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, वेगळी. त्या यादीत मका आहे, सोयाबीन आहे, ज्वारी आहे, कापूस आहे. दूध नाही, कडबा नाही, जनावर तर नाहीच. दुधाचा दर संघ आणि डेअरी ठरवतात, सरकार जनावरवाल्याला मदत करतंय ती आडवाटेनं, म्हणजे लिटरमागं प्रोत्साहन, कर्जाच्या व्याजात सूट, विम्याचा हप्ता, फुकट लस, असं तुकड्या-तुकड्यानं, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं ऑफिस.

पण मक्याचा, सोयाबीनचा, सरकीचा भाव हलला की तो फिरून आपल्याच गोठ्यात येतोय, पेंडीच्या पोत्यातनं. हे डोक्यात ठेवा, पुढं हिशोब करून दाखवतो.

पायरी १: दूध कुठं घालणार ते जनावर घ्यायच्या आधी ठरवा

लोक उलटं करतात. आधी गाय आणतात, मग डेअरी शोधतात.

आपल्या भागात दोन वाटा. एक म्हणजे गावातली सहकारी डेरी, जी बेळगाव जिल्हा दूध संघाला जोडलेली असते, आणि तो संघ केएमएफमध्ये, म्हणजे कर्नाटकाच्या दूध महासंघात, नंदिनीवाल्या. दुसरी वाट खाजगी डेअरीची किंवा पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या डेअरीच्या गाडीची. निपाणी, कागवाडच्या पट्ट्यात तर सकाळी एकाच चौकात दोन कॅनची रांग दिसते, एक इकडची एक तिकडची.

कर्नाटक सरकारचं ते पाच रुपये प्रोत्साहन फक्त पहिल्या वाटेनं मिळतंय. म्हणजे सहकारी संघाच्या सोसायटीत तुम्ही सभासद पाहिजे आणि दूध तिथं घातलेलं पाहिजे. ही योजना २००८ ला सुरू झाली तेव्हा लिटरला २ रुपये होते, २०१३ ला ४ झाले, २०१६ ला ५ झाले. तेव्हापासून ५ च. २०१६ ला पाच रुपयात काय यायचं आणि आज काय येतंय ते मी सांगायला नको. पण दर पडला तरी ते पाच तसेच राहतात, एवढा त्यांचा आधार आहे.

महाराष्ट्रातली गोष्ट वेगळी. तिकडं गाईच्या दुधाचा दर पडला की सरकार तेवढ्यापुरती योजना काढतंय. जानेवारी २०२४ ला लिटरला ५ रुपये दिले, दोन महिन्यांसाठी. मग १ जुलै २०२४ पासून डेअरीनं ३० द्यायचे आणि सरकारनं ५. आणि १ ऑक्टोबरपासून डेअरीनं २८ आणि सरकारनं ७. जरा बेरीज करून बघा, दोन्ही वेळा ३५ च! बातमीत आलं अनुदान दोन रुपयांनी वाढलं, गोठ्यात काय वाढलं, काही नाही, डेअरीच्या खिशातले दोन रुपये सरकारनं भरले एवढंच. आणि ते सुद्धा तिकडच्या उत्पादकांसाठी, जनावराच्या कानातला बिल्ला, आधार, बँक सगळं जुळवून. आपला उतारा कर्नाटकातला, आधार कर्नाटकातलं, दूध पलीकडं घातलं, म्हणजे इकडचे पाच पण गेले आणि तिकडचे सात पण नाहीत.

म्हणून पलीकडची डेअरी लिटरला तीन रुपये जादा देतो म्हणाली तर लगेच उडी मारू नका. तीन जादा आणि पाच कमी म्हणजे दोन रुपयाचा तोटा. सात जादा देत असेल तर बोला. आणि हे पण विचारा की उन्हाळ्यातला हा दर पावसाळ्यानंतर, दूध वाढल्यावर, टिकतोय का. खाजगीवाले उन्हाळ्यात प्रेमानं बोलतात. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूनं मान्य करायला पाहिजे, ते जनावर घ्यायला उचल देतात आणि दर दहा दिवसाला न चुकता पैसे देतात, त्यामुळं हाताशी भांडवल नसलेला माणूस तिकडं का जातो ते मला कळतंय.

सहकारी बाजूचा अजून एक फायदा असाय की दूध जास्त झालं म्हणून कॅन परत पाठवत नाहीत. जादा दुधाची पावडर होते आणि त्यातली बरीच पावडर शाळेत जाते. १ ऑगस्ट २०१३ पासून क्षीरभाग्य योजना आहे ना, पोरांना शाळेत गरम दूध, एकेकाला १८ ग्रॅम पावडरचं १५० मिली. लोकांना ती पोरांची योजना वाटते, ती तशी आहेच, पण संघाच्या गोडाऊनमधली पावडर उठते म्हणून तुमचा कॅन घेतला जातो, तेव्हा ती आपली पण योजना आहे.

पायरी २: कागद, आणि ज्ञानेश्वरांचा प्रॉब्लेम

कागद चार: आधार, बँक पासबुक, उतारा (इकडं पहाणी किंवा आरटीसी म्हणतात तो), आणि जातीचा दाखला असेल तर तो. हे घेऊन रैत संपर्क केंद्रात जायचं आणि फ्रूट्स नंबर काढायचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फ्रूट्स यादीत शेतकरी म्हणून नोंद करायची. त्याला एफआयडी म्हणतात. कर्नाटकात शेतीचं किंवा जनावराचं कुठलंही अनुदान मागायला गेलात की पहिला तो नंबर विचारतात. सकाळी लवकर जा, अकरानंतर सर्व्हर डाऊन हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा.

आता आपल्या मराठी लोकांची खास अडचण. आधार काढताना आपण ज्ञानेश्वरचं स्पेलिंग डी-एन-वाय नं करतो. इकडच्या ऑफिसात कन्नडमधनं इंग्रजीत टाकताना ते जे-एन नं करतात, कारण त्यांचा ज्ञ तसा उच्चारत नाहीत. आधारावर एक माणूस, फ्रूट्समध्ये दुसरा माणूस, सोसायटीच्या वहीत तिसराच, कारण तिथं नुसतं "माऊली पाटील" लिहिलेलं असतंय. मग पैसे अडकतात आणि कुणी सांगत पण नाही का अडकले ते. ज्ञानेश्वर, ज्ञानदेव, प्रज्ञा, यज्ञेश अशा नावाच्या सगळ्यांनी पहिल्याच दिवशी तिन्ही ठिकाणचं स्पेलिंग एक करून घ्या. वडलांच्या नावात "राव" एका ठिकाणी आहे, एका ठिकाणी नाही, ते पण बघा.

दुसरं म्हणजे आधार कुठल्या खात्याला जोडलंय. सरकारी पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधार बघून येतात, आणि आधार ज्या खात्याला शेवटी जोडलं त्यात पडतात. आमच्या घरी सोसायटीची सभासद बायको. २०२३ ला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे, बायकांना महिन्याला मिळणारे, दोन हजार यायला लागले तेव्हा तिनं त्यासाठी दुसऱ्या बँकेत नवीन खातं काढलं आणि तिथं आधार जोडलं. पुढं सहा महिने मी सोसायटीच्या सेक्रेटरीच्या डोक्यावर बसलोय, "आमचे पाच रुपये कुठं आहेत ते सांगा", तो बिचारा लिस्ट दाखवतोय, "जमा झालेत की हो, बघा." मी मानायला तयार नाही. शेवटी बायको म्हणाली माझ्या त्या दुसऱ्या खात्यात जरा जास्तच पैसे दिसतात बघा. झालं! सेक्रेटरीला नंतर बेळगावी कुंदा, आपली मिठाई, नेऊन दिला पाव किलो, अजून तो चेष्टा करतो.

आणि हे पाच रुपये दुधाच्या बिलाबरोबर येत नाहीत. बिल संघ देतोय, प्रोत्साहन सरकार देतंय, वेगळ्या वेळी, आणि बऱ्याचदा महिनोन्महिने उशिरा. दहा लिटरची गाय असेल तर महिन्याला दीड हजार होतात. ते किराणाच्या हिशोबात धरू नका. आले की आले.

पायरी ३: फॅट, एसएनएफ आणि अर्धा तांब्या पाणी

दुधाचा दर म्हणून जो बोर्डावर असतो तो सगळ्यांना मिळत नाही, तो फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) बघून ठरतो. गाईला साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरतात, त्याच्या खाली गेलात की पॉइंटला पैसे कापतात.

एसएनएफ कसा काढतात ते शिकून घ्या, अवघड नाही. लॅक्टोमीटरचं रीडिंग, ज्याला सीएलआर म्हणतात, त्याला ४ नं भागायचं. त्यात फॅट गुणिले ०.२१ मिळवायचं. वर ०.३६ मिळवायचे. शेवटचा आकडा संघागणिक थोडा बदलतो, तुमच्या सोसायटीत विचारा. उदाहरण घ्या, सीएलआर २८, फॅट ३.८. म्हणजे ७ अधिक ०.८० अधिक ०.३६, झाला ८.१६. कमी आला. तेच सीएलआर २९.५ असता तर ८.५३ आणि पूर्ण दर. दीड डिग्रीचा खेळ आहे सगळा.

मी पहिल्या वर्षी आठवडाभर ८.२ च्या वर जाईना म्हणून गाईला शिव्या घातल्या, पेंड बदलली, डॉक्टर बोलावला. आई शेवटी म्हणाली कॅन धुतल्यावर पालथा का घालत नाहीस. रात्री धुऊन सरळ ठेवायचो, तळाला अर्धा तांब्या पाणी राहायचं आणि वर दहा लिटर दूध. पाण्यानं सीएलआर पाऊण डिग्री सहज पडतो. कुणी चोर म्हटलं असतं तर मी भांडायला उठलो असतो, आणि पाणी तर माझ्याच कॅनमध्ये.

अजून दोन गोष्टी. शेवटच्या धारा अंगावर सोडू नका, सगळ्यात जास्त फॅट त्यात असतंय, सुरुवातीच्या धारा पातळ. कामाला पोरगं ठेवलं आणि ते घाईत अर्धवट काढून उठलं तर फॅट पडणारच. आणि नुसती पेंड वाढवली, कडबा कमी केला की दूध वाढल्यासारखं वाटतं पण फॅट खाली येतो.

माप किलोत घेतात का लिटरमध्ये ते पण बघा. सीएलआर २८ म्हणजे एक लिटर दुधाचं वजन १ किलो २८ ग्रॅम. दहा लिटर म्हणजे १० किलो २८० ग्रॅम. काट्यावर १० किलो दिसलं आणि वहीत १० लिटर लिहिलं तर तुमचा फायदा, काट्यावर १० किलो २८० दिसलं आणि दहा किलो लिहून किलोचाच भाव लावला तर तुमचा तोटा. रोज पाव लिटरच्या वर जातंय. महिन्याचं काढा.

पायरी ४: पेंडीच्या पोत्याचं गणित (हे नीट वाचा)

गाईला साधा नियम, अंगासाठी दीड किलो पेंड आणि वर दुधाच्या प्रत्येक लिटरला ४०० ग्रॅम. म्हशीला लिटरला अर्धा किलो. म्हणजे दहा लिटरच्या गाईला दीड अधिक चार, साडेपाच किलो रोज.

आता ५० किलोच्या पोत्याचा भाव १०० रुपयांनी वाढला असं धरा. किलोला २ रुपये. साडेपाच किलोला ११ रुपये रोज. दूध दहा लिटर, म्हणजे लिटरमागं १ रुपया १० पैसे गेले. पोतं ४५० नं वाढलं की सरकारचे पाच रुपये साफ! दुधाच्या दराची बातमी सगळे बघतात, पेंडीच्या पोत्याचा भाव कुणी लिहून ठेवत नाही. तुम्ही ठेवा.

पोत्याचा भाव कशानं हलतोय? मक्यानं, सरकीनं, सोयापेंडीनं. मक्याचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला २,२२५ होता, २०२५-२६ ला २,४०० झाला. वर इथेनॉलवाले मका उचलायला लागले. मका पिकवणाऱ्याला बरं, पेंड घेणाऱ्याला धाकधूक. पण २०२५ च्या दिवाळीनंतर काय झालं बघितलंच असेल, बाजारात मका हमीभावाच्या कितीतरी खाली गेला, शेतकरी रस्त्यावर आले, आणि मग राज्य सरकारनं केएमएफला सांगितलं की तुमच्या पशुखाद्यासाठी मका २,४०० नं घ्या. आता आमच्यासारख्यानं काय करायचं सांगा. माझा दोन एकर मका. मका विकणारा मी आणि पेंड घेणारा पण मीच. मका पडला तर शेतात रडायचं आणि वाढला तर गोठ्यात. आमच्या गल्लीतले आण्णा म्हणतात, "काय गा, विकतोस कशाला, भरडून जनावराला घाल की." त्या वर्षी निम्मा खरंच भरडला आणि आज वाटतंय सगळाच भरडायला पाहिजे होता. फक्त नुसता मका भरडा घालून चालत नाही, सरकी पेंड, भुसा, मिनरल मिक्स्चर सोबत लागतंय, नाहीतर गाय जाड होते आणि दूध जागेवर.

ज्वारीचं दुखणं वेगळं. ज्वारीला हमीभाव आहे, २०२५-२६ ला संकरितला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९, पण तरी अथणीकडं सुद्धा लोक ज्वारी सोडून उसाला लागलेत, कारण उसाला कारखाना आहे, एफआरपी आहे, आणि काढणीला माणसं शोधायला लागत नाहीत. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला. सोयाबीननं कडबा होत नाही, भुसकट होतंय, ते पण मशीननं काढलं तर रानातच उडतं. तेव्हा ज्याच्याकडं कोरडं रान आहे त्यानं एक-अर्धा एकर ज्वारी गोठ्यासाठी म्हणून लावावी, भावासाठी नाही, हे माझं मत.

आणि वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की ऊसतोड टोळ्यांकडनं वाडं मिळतंय, स्वस्तातला हिरवा चारा, चार महिन्याचा आधार. पण तो पण बाजाराच्या नियमांना बांधलेला आहे. नोव्हेंबर २०२५ ला मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसला ऊसदराचं आंदोलन झालं, टनाला साडेतीन हजार मागत होते, शेवटी ३,३०० ठरले. तोपर्यंत तोडी थांबलेल्या, आणि वाड्याच्या भरवशावर बसलेले गोठेवाले हात चोळत. आंदोलन बरोबरच होतं, माझा पण ऊस आहे थोडा. पण तेव्हापासून मी ऑक्टोबरातच पंधरा दिवसाचा मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा) बाजूला ठेवतो. वाडं सलग घालत असाल तर चुन्याची निवळी किंवा मिनरल मिक्स्चर द्या, वाड्यातल्या ऑक्झलेटनं अंगातलं कॅल्शियम बांधलं जातं, व्यायल्यावर गाय बसली की मग कळतं.

पायरी ५: जनावर आणताना सीमा लागते

पलीकडच्या बाजारातनं गाय-म्हैस आणणार असाल तर बाजाराची पावती, जनावराच्या डॉक्टरचा आरोग्य दाखला आणि कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर, तिन्ही गाडीत पाहिजेत. साध्या ट्रकमध्ये सहाच्या वर मोठी जनावरं भरता येत नाहीत, तो १९७८ चा केंद्राचा नियम आहे. मी एकदा दोन म्हशी आणताना दाखला मागाहून घेऊ म्हटलं, रात्री एका नाक्यावर तीन तास उभा होतो, म्हशी पान्हावल्यात आणि टेम्पोतच धारा काढायची वेळ आली. त्यातली एक पंधरा दिवस दूध चोरत होती नंतर.

हे सगळं एवढं कडक का, तर कर्नाटकात गोवंश हत्याबंदीचा २०२० चा कायदा आहे, जानेवारी २०२१ पासून लागू. गाय, बैल, वासरू सगळं त्यात, म्हशी-रेडे १३ वर्षांच्या आतले पण त्यात. शिक्षा ३ ते ७ वर्षं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूलाही बंदी आहे पण म्हशी त्यात नाहीत. तुम्ही शेतीसाठी, दुधासाठीच नेताय हे दाखवणारा कागद तुमच्याकडं पाहिजे, नाहीतर समजावत बसावं लागतं.

कायदा बरा का वाईट ह्यावर मी इथं भांडण काढत नाही. पण गोठ्याच्या हिशोबात तो धरलाच पाहिजे. जर्सी-एचएफची गाय भाकड झाली, खोंड झाला, तर घेणारा कोण? पूर्वी त्या पैशात नव्या गाईचे निम्मे पैसे निघायचे. आता ती शेवटपर्यंत तुमच्याच दावणीला, वैरण खात. म्हणून आमच्याकडं बरेच जण गाईवरनं परत म्हशीकडं वळले. दूध कमी पण फॅट ज्यादा, आणि म्हातारपणी पण तिला किंमत येते. नवीन माणसाला मी सांगतो, दोन गाई दोन म्हशी, आणि गाईला कालवडीच व्हाव्यात म्हणून सेक्स्ड सीमेन मिळतंय का ते डॉक्टरांना विचारा, त्याला पण सरकारी सवलत असते.

पायरी ६: बिल्ला, लस, विमा, कर्ज

कानातला पिवळा बिल्ला म्हणजे जनावराचं आधार. तो नसला तर विमा नाही, भरपाई नाही. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातनं दोनदा फुकट देतात, ब्रुसेलाची ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशीच्या मादी वासरांना एकदाच. लस टोचली की बिल्ल्यावर नोंद झाली का बघा. विकत आणलेल्या जनावराचा बिल्ला जुन्या मालकाच्या नावावर राहतो, तो पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आपल्या नावावर करून घ्या. हे दहातले नऊ जण विसरतात.

का एवढं सांगतोय, तर २०२२ चा लंपी, तो जनावरांच्या कातडीवर गाठी आणणारा रोग. चंदगड, गडहिंग्लज, कागल तिकडं आणि निपाणी, हुक्केरी इकडं, रोग एकच, माश्या त्याच. पण मेलेल्या गाईला कर्नाटकानं २० हजार दिले, महाराष्ट्रानं ३० हजार. वासराला इकडं ५, तिकडं १६. बैलाला मात्र इकडं ३० आणि तिकडं २५! बांधाच्या पलीकडं गाय महाग आणि अलीकडं बैल. कितीजण त्यावर हसले, पण ज्यांचा बिल्ला नव्हता त्यांना हसायला पण काही नव्हतं, त्यांना नोंद दाखवता आली नाही.

विम्याला राष्ट्रीय पशुधन मिशनमधनं आता शेतकऱ्यानं हप्त्याचे १५ टक्केच भरायचे, बाकी सरकार. २०२४ पासून. जनावर मेलं तर आधी फोटो बिल्ल्यासकट, मग डॉक्टरांचं शवविच्छेदन, मगच पुरायचं. दुःखात लोक आधी पुरतात. अपघातानं गेलं तर कर्नाटकाची अनुग्रह योजना वेगळी आहे, गाय-म्हशीला १० हजार होते, २०२५ च्या बजेटमध्ये १५ हजार केले. जनावर आजारी पडलं तर १९६२ ला फोन करा, फिरता दवाखाना येतो, येईपर्यंत धीर धरा.

कर्ज लागलं तर जनावरांसाठी पण किसान क्रेडिट कार्ड मिळतं हे बँकवाले आपणहून सांगत नाहीत. २ लाखांपर्यंत ७ टक्के, वेळेत फेडलं तर ३ टक्के सूट, म्हणजे ४ टक्क्याला पडतं. ते चारा-पेंड-औषध असल्या चालू खर्चासाठी असतं, गाय घ्यायला टर्म लोन वेगळं. सोसायटीकडनं दूध घालतो असं पत्र घेऊन जा, काम पुढं सरकतं.

पायरी ७: चिठ्ठी वाचायला शिका

शेवटचं आणि सोपं. सोसायटीची चिठ्ठी कन्नडमध्ये असते. आठ-दहा शब्द पाठ केले की झालं: हालू म्हणजे दूध, हसू म्हणजे गाय (आपलं हसू नव्हे), येम्मे म्हणजे म्हैस, बेळिग्गे सकाळ, संजे संध्याकाळ, दर तो दरच, ओट्टु म्हणजे एकूण, बाकी म्हणजे बाकी. प्रोत्साहधन म्हणजे ते पाच रुपये. आणि कडिता म्हणजे कपात.

कडिताच्या रकान्यावर बोट ठेवून बसा. पेंड, औषध, शेअर, विम्याचा हप्ता, कसली-कसली देणगी, सगळं तिथनं जातंय. मला तीन बिलं एका पोत्याचे पैसे दोनदा लागले होते, कुणी मुद्दाम केलं नव्हतं, वहीतनं कॉम्प्युटरवर चढवताना पोराकडनं ओळ दोनदा पडली. विचारल्यावर पुढच्या बिलात परत मिळाले. भावाला म्हटलंय गाई आणायच्या आधी आठ दिवस रोज सकाळी सोसायटीत जाऊन नुसता उभा राहा, दुसऱ्याच्या चिठ्ठ्या वाच, टेस्टर काय करतोय बघ. तो म्हणतोय सकाळी साडेपाचला? म्हटलं नाहीतर काय, गाई काय कंपनीच्या टायमाला येतात का.